बेंचवरचा नंबर नऊ

"ताई, तू फक्त पप्पांशी बोल. बाकीचं मी बघतो."

रविवारी सकाळी साडेसातला असा फोन आला की समजायचं, आपली झोप गेली! फोनवर होता माझा मामेभाऊ. वय वर्षं सतरा, बारावी सायन्स आणि डोक्यात फक्त फुटबॉल. त्याचं खरं नाव रिझल्टच्या दिवशीच आठवतं, एरवी घरात तो 'नंबर नऊ'. कारण टी-शर्टवर नऊ, सायकलवर नऊ, मोबाइलच्या कव्हरवरही नऊ. फुटबॉलमध्ये नऊ नंबर म्हणजे स्ट्रायकर. गोल मारणारा गडी.

मॅटर असं होतं की पुण्याच्या एका क्लबची ट्रायल होती आणि साहेबांना जायचं होतं. मामा नको म्हणत होता. मामा वाळूजला एका कंपनीत गेली वीस वर्षं शिफ्ट करतोय. त्याच्या मते पोराने सीईटीचा क्लास लावावा, इंजिनीअर व्हावं आणि एसीत बसावं. दुपारी मामाचाही फोन आलाच. "तू पत्रकार आहेस बाई, तुझं ऐकतो तो. खेळात काही ठेवलं नाही, हे तूच त्याला समजावून सांग."

म्हणजे एकाच केसमध्ये दोन्ही बाजूंचं वकीलपत्र माझ्याकडे!

गंमत बघा, करिअरवर सल्ला द्यायला या दोघांनी निवडलं कोणाला? मला. मासकॉमची डिग्री, तीन वर्षं फ्रीलान्सिंग. ज्या पोर्टलच्या भरवशावर माझं घरभाडं निघायचं, त्यांचा मेल येऊन जेमतेम आठवडा झाला होता. 'सध्या थांबतोय, गरज पडली की कळवू.' आणि दुसऱ्या बाजूला पुण्याच्या एका एजन्सीची ऑफर. फुलटाइम, पीएफ, मेडिकल, सगळं. काम काय, तर दुसऱ्यांच्या नावाने पोस्ट लिहायच्या. उत्तर द्यायला पंधरा दिवस. मी सात दिवस नुसती छताकडे बघत होते.

तरी गेले. सिडकोत मामाकडे जेवायलाच गेले. मामीने शेंगोळे केले होते, त्यामुळे वातावरण निम्मं निवळलेलं होतं. नंबर नऊने पहिल्याच घासाला हुकमी पत्ता टाकला. "पप्पा, जेमी वार्डी माहितीय? तोपण फॅक्टरीत कामाला होता."

मामा शांतपणे म्हणाला, "मग तू पण ये की वाळूजला. उद्याच लावतो."

हसून हसून मला ठसका लागला. पण पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. शेफिल्डच्या क्लबने वार्डीला पंधरा-सोळाव्या वर्षी काढून टाकलं. तो स्टॉक्सब्रिज नावाच्या छोट्या क्लबमध्ये आठवड्याला तीस पौंडांवर खेळायचा आणि दिवसा फॅक्टरीत हातापायाला आधार देणारे पट्टे बनवायचा. २०१२मध्ये लेस्टर सिटीने त्याला घेतलं आणि २०१६मध्ये त्याच लेस्टरने थेट प्रीमियर लीग जिंकली! सिनेमासारखी स्टोरी. अडचण एवढीच की सगळ्यांना हीच एक स्टोरी पाठ असते. इंग्लंडमध्ये प्रोफेशनल लीगच्या चार पायऱ्या आहेत. वर प्रीमियर लीगचे २० क्लब, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. एकूण ९२. प्रत्येक क्लबला चार-पाच तरी फॉरवर्ड लागतात. मग त्या खालच्या ७२ क्लबांमधल्या फॉरवर्डचं काय होतं? वार्डी न झालेल्यांचं काय?

त्या रात्री एजन्सीचा मेल बाजूला ठेवून मी लॅपटॉपवर हेच शोधत बसले. पत्रकार आहे ना, सल्ला द्यायचा तर होमवर्क पाहिजे. खरं सांगू? होमवर्क त्याच्यासाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त चालला होता.

पहिलं नाव सापडलं ते आपल्याच राज्यातलं. अनिकेत जाधव, कोल्हापूर. जन्म २०००चा, म्हणजे माझ्यापेक्षा थोडा लहानच. वडील रिक्षा चालवायचे. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय चीज आहे ते शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार मॅच बघितल्याशिवाय कळत नाही म्हणतात. तिथे कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉल टीम आहेत आणि पेठाच्या पेठा मॅचला लोटतात. त्या गावचा हा पोरगा पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि ऑक्टोबर २०१७मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये इंडियाचा फॉरवर्ड म्हणून उतरला.

तो वर्ल्ड कप आठवतो तुम्हाला? मी डिग्रीला होते. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी, १५ सप्टेंबरला, राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा सरकारी कार्यक्रम होता. शाळाशाळांत बॉल वाटले होते. आमचा नंबर नऊ तेव्हा चौथीत होता. आयुष्यातली पहिली किक त्याने त्या दिवशी मारली आणि दोन दिवस अंगठा सुजवून घरी बसला. मामाचं दुर्दैव तिथूनच सुरू झालं!

इंडिया तिन्ही मॅच हरली. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. पण पुढच्याच महिन्यात हीच पोरं 'इंडियन ॲरोज' नावाने आय-लीगमध्ये उतरली आणि पहिल्याच मॅचला त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे. आता बघा, इथून वार्डीसारखा रॉकेट उडायला पाहिजे ना?

तसं झालं नाही. झालं ते असं. २०१९मध्ये जमशेदपूर एफसीने घेतलं. त्याच वर्षी तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला, ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये. ब्लॅकबर्न म्हणजे १९९५मध्ये ॲलन शिअररच्या गोलांवर प्रीमियर लीग जिंकलेला क्लब. २०१०मध्ये तो विकत घेतला आपल्या पुण्याच्या वेंकीजने. हो, तेच चिकनवाले! २०१२मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. फॅन्स इतके चिडले होते की कुणीतरी भर मॅचमध्ये जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७मध्ये तर तो तिसऱ्या पायरीवर, लीग वनमध्ये पोचला होता आणि वर्षभरात परत चॅम्पियनशिपमध्ये आला. म्हणजे अनिकेत गेला तेव्हा क्लब दुसऱ्या पायरीवर होता. तीन महिन्यांनी अनिकेत परत आला. पुढे २०२१मध्ये हैदराबाद एफसी, मार्च २०२२मध्ये त्या टीमबरोबर इंडियन सुपर लीगचं विजेतेपद, मग ईस्ट बंगाल, मग ओडिशा.

याला काय म्हणायचं, सक्सेस की फेल्युअर? मी हा प्रश्न कागदावर लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा मुलगा देशासाठी वर्ल्ड कप खेळतो, इंग्लंडमध्ये ट्रेनिंग घेतो, देशातली सगळ्यात मोठी लीग जिंकलेल्या टीममध्ये असतो. आणि तरी क्रांती चौकात उभं राहून दहा जणांना त्याचं नाव विचारा. माझी पैज आहे, नऊ जण 'कोण?' म्हणतील.

मग मागे गेले. आपल्याकडचा कुणी इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये खरोखर खेळलाय का? खेळलाय. बायचुंग भुतिया, सिक्कीमचा. सप्टेंबर १९९९मध्ये तो बरी नावाच्या क्लबमध्ये गेला. लीगचं नाव सेकंड डिव्हिजन, प्रत्यक्षात तिसरी पायरी. हा तोच भुतिया, ज्याने १९९७मध्ये कोलकात्यात सव्वा लाखाहून जास्त लोकांसमोर मोहन बागानविरुद्ध हॅटट्रिक मारली होती. आणि बरीचं गिग लेन स्टेडियम किती लोकांचं? बारा हजारांच्या आसपास. तिथे तो तीन सीझन होता. लीगमध्ये ३७ मॅच, ३ गोल. ३ ऑक्टोबर १९९९ला कार्डिफविरुद्ध पहिली मॅच, सबस्टिट्यूट म्हणून. पहिल्या लीग गोलसाठी एप्रिल २००० उजाडला.

कोलकात्याचा देव तिथे बेंचवर बसत होता. पण त्या तीन गोलांनी काय केलं, तर आपला माणूस तिथे जाऊन खेळू शकतो हे दाखवलं. ते किती अवघड होतं हे २००९मध्ये पुन्हा कळलं. सुनील छेत्रीने लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार केला, क्लबही दुसऱ्याच पायरीवरचा. पण वर्क परमिट मिळालं नाही. कारण काय, तर इंडियाचं फिफा रँकिंग पहिल्या सत्तरात नव्हतं. स्वतःचा फॉर्म सॉलिड असून कंपनीच्या रेटिंगमुळे ऑनसाइट अडकतं ना, अगदी तसंच!

इथपर्यंत मी मनातल्या मनात मामाच्या पार्टीत गेले होते. त्यात पुढची यादी वाचली आणि पारच खचले. महिंद्रा युनायटेड, मुंबईचा नामांकित क्लब, २०१०मध्ये बंद. पुणे एफसीचा गाशा २०१५मध्ये गुंडाळला. डीएसके शिवाजियन्स २०१७मध्ये आटोपला. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये गेला आणि त्याच्या जागी आला हैदराबाद. म्हणजे पुण्याचा क्लब मेला म्हणून जन्मलेल्या क्लबमध्ये कोल्हापूरचा अनिकेत चॅम्पियन झाला! आणि २०२५मध्ये तो हैदराबादचा क्लबही दिल्लीला हलला. त्याच वर्षी लीगचा व्यावसायिक करार रखडला, सीझन वेळेवर सुरूच झाला नाही, आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या टीमचे पगार बेमुदत थांबवले. मेल तिथेही तसाच आला असणार. 'सध्या थांबतोय.' भुतियाच्या बरी क्लबला तर २०१९मध्ये पैशांच्या घोळामुळे लीगमधूनच काढून टाकलं. १८८५पासूनचा क्लब, बॉस!

बरं, वर पोचलेल्यांचं तरी सुरळीत असतं का? २०१७च्या त्या वर्ल्ड कपमध्ये सगळ्यात जास्त गोल कोणी मारले माहितीय? इंग्लंडच्या ऱ्हियान ब्रूस्टरने, ८. क्वार्टर फायनलला हॅटट्रिक, सेमीफायनलला ब्राझीलविरुद्ध परत हॅटट्रिक. लिव्हरपूलचा पोरगा, सगळं जग म्हणत होतं पुढचा सुपरस्टार. २०२०मध्ये शेफिल्ड युनायटेडने त्याच्यासाठी सव्वादोन कोटी पौंडांहून जास्त मोजले. पहिल्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये २७ मॅच, गोल शून्य. मग दुखापती. २०२५मध्ये तो क्लबमधून बाहेर पडला. त्या ऑक्टोबरात एकाच स्पर्धेत खेळलेले दोन फॉरवर्ड, एक कोल्हापूरचा, एक लंडनचा. आठ वर्षांनी दोघांसमोर प्रश्न एकच. पुढचा करार कुठे?

रात्रीचे दोन वाजले होते. मी लॅपटॉप बंद करणार, तेवढ्यात नंबर नऊचा मेसेज. 'ताई, अकिनफेनवा बघ.'

आडेबायो अकिनफेनवा! व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना हे नाव पाठ असतं. फिफा गेममधला सगळ्यात ताकदवान खेळाडू, टोपणनाव 'बीस्ट'. लंडनचा हा भलादांडगा फॉरवर्ड जवळपास सगळं आयुष्य खालच्या लीगमध्ये खेळला. सुरुवात लिथुआनियात, तिथे काळा म्हणून प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या. मग टॉर्की, स्वान्सी, नॉर्थॅम्प्टन, जिलिंगहॅम... बदल्या तरी किती! अनेक कोचनी सांगितलं, तू फार जाड आहेस, फुटबॉलर वाटत नाहीस. मे २०१६मध्ये वेम्बलीवर एएफसी विम्बल्डनला वरच्या लीगमध्ये नेणारी फायनल होती. शेवटच्या मिनिटांत त्याने पेनल्टीवर गोल मारला. आणि मॅच संपल्यावर लाइव्ह टीव्हीवर सांगून टाकलं, की माझा करार संपलाय, टेक्निकली मी आता बेकार आहे, कोणाला पाहिजे असेल तर व्हॉट्सॲप करा!

वय चौतीस, आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि नोकरी नाही. तरी चेहऱ्यावर हे एवढं हसू. त्याला वायकम वाँडरर्सने घेतलं. २०२०मध्ये तो क्लब इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियनशिपमध्ये गेला तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. रिटायर झाला २०२२मध्ये, चाळिसाव्या वर्षी. प्रीमियर लीगमध्ये एकही मॅच नाही.

तो इंटरव्ह्यू मी चार वेळा बघितला. पोर्टलचा मेल आल्यापासून मी ती गोष्ट आईलाही सांगितली नव्हती. कोणी विचारलं तर 'बिझी आहे खूप' म्हणत होते. आणि हा माणूस वेम्बलीवर उभा राहून सगळ्या देशाला सांगत होता. मला लाज कशाची वाटत होती? करार संपल्याची? तो तर संपतोच!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमखास मैदानावर गेले. नंबर नऊ तिथे रोज येतो. मैदानावर धूळ, दोन दगड ठेवून केलेला गोल, एका कोपऱ्यात क्रिकेटवाले, मध्ये फिरायला आलेले चाचा लोक. मी कट्ट्यावर बसवून त्याला सगळं सांगितलं. वार्डी नाही, बाकीचे. भुतियाचे तीन गोल, छेत्रीचं परमिट, बंद पडलेले क्लब, थांबलेले पगार. म्हटलं, "हे बघ, जास्तीत जास्त चान्स हाच आहे की तू वार्डी होणार नाहीस. वर्षा-दोन वर्षांचे करार, अर्धा वेळ बेंच, पस्तिशीत सगळं खलास. चालेल?"

त्याने बुटाची नाडी बांधत विचारलं, "पण दर शनिवारी मॅच तर असते ना, ताई?"

मी गप्प. इतका वेळ मी त्याला कुठे पोचशील ते सांगत होते. त्याला विचारायचं होतं ते एवढंच, की खेळायला मिळेल का. सत्तावीस मॅच शून्य गोल म्हणजे सत्तावीस वेळा कोणीतरी त्याला मैदानात उतरवलं होतं, ही बाजू माझ्या होमवर्कमध्ये नव्हतीच. आणि मला आठवलं, एजन्सीच्या ऑफरमध्ये सगळं होतं, फक्त माझ्या नावाने एक ओळ लिहायला मिळणार नव्हती.

मामाला मी खेळात खूप काही ठेवलंय वगैरे सांगितलं नाही. खोटं कशाला बोलायचं? म्हटलं, "मामा, क्लास लाव, सीईटी दे म्हण. पण ट्रायलला जाऊ दे. नापास झाला तर सीईटीसारखंच समज." मामा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बसने एकटा नको जायला. तू जा सोबत."

गेलो. पहाटेची बस, नगरला चहा, पुण्यात रिक्षावाल्याशी भांडण. ट्रायलला पोरांची ही गर्दी! कोल्हापूरची, सांगलीची, मुंबईची. आमच्या वाट्याला वीस मिनिटांची मॅच आली. त्याला बॉल मिळाला मोजून पाच वेळा. एक शॉट पोस्टला लागला. संध्याकाळी यादी लागली, त्यात तो नव्हता. कोच म्हणाले, डावा पाय कच्चा आहे, पुढच्या वर्षी ये.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून झोपला. की झोपल्यासारखं केलं, देव जाणे. मी विचारलं नाही. रात्री साडेअकराला बसस्टँडवर मामा मोटरसायकल घेऊन उभा होता. फर्स्ट शिफ्ट असून जागा होता. काही विचारलं नाही त्याने, फक्त बॅग स्वतःच्या खांद्याला लावली.

दुसऱ्या दिवशी मामीचा फोन. म्हणाली, "पोरगं सकाळी उठून भिंतीवर नुसत्या डाव्या पायाने बॉल मारू लागलंय गं. शेजारचे ओरडतायत."

आणि माझं? पंधराव्या दिवशी मी एजन्सीला मेल टाकला, की आठवड्यातले तीनच दिवस येईन, उरलेले दिवस माझ्या लिखाणाचे. दुसरा मेल ओळखीच्या सगळ्या संपादकांना. 'माझा करार संपलाय, काम असेल तर व्हॉट्सॲप करा.' आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, हल्ली फार बिझी असायचीस!"

एजन्सीने कळवतो म्हटलंय. हा लेख दुसऱ्या मेलमधून आला.

म्हणजे सध्या मी बेंचवर आहे. पण वॉर्म-अप चालू आहे, बॉस!